एका काडतुसात नेम

माझ्या भावाला, मर्डोला, लोक काटकसरी म्हणतात. लोकांचं काय जातं म्हणायला, त्यांना त्याच्याबरोबर एका छपराखाली राहायचं नाही. चहाची एक पुडी हा माणूस तीनदा बुडवतो आणि तिसऱ्यांदा बुडवताना 'आता कुठे खरी चव उतरली' असं वर मलाच ऐकवतो. लग्न केलं नाही, कारण बायकोला खर्च असतो. कुत्रा पाळला तोही दुसऱ्यानं नको म्हणून दिलेला, दात पडलेला, कमी खाईल म्हणून. माझा नवरा गेल्यावर मी आईबापांच्या या घरात परत राहायला आले, तेव्हा दारात उभं राहून यानं पहिला प्रश्न विचारला तो माझ्या हीटरला वीज किती लागते हा. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असली ही जात.

तरी आमच्या ब्लेअर्स क्रीक गावात एका बाबतीत सगळे त्याच्या तोंडाकडे बघायचे. खिशात थोडेच पैसे असताना शिकारीची रायफल कशी उभी करायची, ते मर्डोला विचारावं. जन्मभर त्यानं दुसऱ्यांच्या मेंढ्यांना कुंपणं घातली, पण शनिवार-रविवारी आमच्या लोकरीच्या जुन्या शेडमध्ये त्याचा दरबार भरायचा. त्याचं पुराणही ठरलेलं. रायफल जुनीच घ्या. लाकडावर ओरखडे असू देत, हरीण काही लाकडाला बोट लावून बघत नाही. बघायचं ते नळीच्या आत, उजेडाकडे धरून, आणि नळीच्या तोंडाची कड नखानं चाचपून. दुर्बीण नवी घ्या पण साधी, जिच्यावर दोनच चकत्या फिरतात, नेम हलवायला, एक वरखाली आणि एक डावीउजवीकडे. दुर्बिणीला रायफलीवर धरून ठेवणाऱ्या कड्या मात्र चांगल्यातल्या घ्या, तिथे वाचवलेले पन्नास डॉलर डोंगरावर रडवतात. आणि उरेल तो पैसा काडतुसांत घाला, सगळी एकाच बनावटीची, आणि झाडा. बसून झाडा, उभ्यानं झाडा, चढ चढून धाप लागलेली असताना झाडा. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त राग यायचा. बारा वर्षं मी हे रोज रात्री मटणाच्या रश्श्याबरोबर गिळलं आहे.

त्याची खरी मिजास होती ती नेम बसवण्यात. नवी दुर्बीण चढवली की तिच्या काचेतली फुली एकीकडे आणि गोळी दुसरीकडे असं असतं, दोघींची गाठ घालून द्यावी लागते. त्यासाठी लोक खोकंभर काडतुसं जाळतात. मर्डो एकच जाळायचा. पंचवीस मीटरवर एक फळी, फळीवर पांढरा कागद, कागदाच्या मधोमध बशीएवढा काळा ठिपका. रायफल लाकडी घोडीत ठेवून ठिपक्यावर एक गोळी मारायची. मग रायफल पुन्हा ठिपक्यावर धरून घोडीत घट्ट आवळायची, आणि तिला जराही न हलवता, दुर्बिणीतून बघत चकत्या फिरवायच्या. फिरवत फिरवत फुली ठिपक्यावरून उचलायची आणि गोळीनं जिथे भोक पाडलं तिथे नेऊन ठेवायची. आता फुली जिथे, गोळी तिथे. मागाहून खात्रीसाठी शंभर मीटरवर तीन गोळ्या. चार काडतुसांत काम फत्ते, आणि पुढे आठवडाभर तोंडाची टकळी चालू.

कागदसुद्धा तो एकदा वापरून फेकायचा नाही. भोकांवर चिकटपट्टीचे तुकडे लावायचे आणि तोच कागद पुन्हा. तीही काळी, तारांना गुंडाळतात ती, कारण तिची खोकीभर भेंडोळी त्याला कुठल्याशा लिलावात फुकट मिळाली होती. पांढऱ्या कागदावर काळी ठिगळं. मी म्हटलं, अरे, पांढरी पट्टी आण, भोक कुठलं आणि ठिगळ कुठलं ते तरी कळेल. तो म्हणाला, पांढऱ्या पट्टीच्या पैशात दोन काडतुसं येतात, आणि ज्याला भोक आणि ठिगळ यातला फरक कळत नाही त्यानं बंदूक हातात घेऊ नये.

हे त्याचेच शब्द बरं का. मी पदरचं काही घातलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला. मला कळलं, कारण स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या कुरणातल्या मेंढ्या मोजायची त्याची जन्माची खोड एकाएकी बंद झाली. डॉक्टरकडे गेला नाही. खासगीत पैसे पडतात, सरकारी यादीत वाट बघावी लागते, हे सांगायचं कारण. खरं कारण असं की डॉक्टरनं कागदावर लिहिलं की गाडीचा परवाना जाणार, बंदुकीचा जाणार, आणि शेडकडे कुत्रं फिरकणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि मी? मीही गप्प बसले. काही मोठ्या मनानं नाही. शेड बंद झाली असती तर हा दिवसभर माझ्याच स्वयंपाकघरात बसून किटलीत पाणी किती घालायचं ते मला शिकवत बसला असता.

आमच्या रस्त्याच्या टोकाला मेरेआना राहते. मटण कारखान्यात पॅकिंगवर आहे, तीन मुलं. नवऱ्याचं नाव टिपेने, तो लाकडाच्या गिरणीत होता. डिसेंबरात पाठीवर ओंडका आला आणि तेव्हापासून तो पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर. दर वर्षी तो स्वतःच्या भावाची रायफल मागून घ्यायचा, माजाच्या दिवसांत, म्हणजे आमच्याकडे हिवाळ्याआधीच्या मार्च-एप्रिलात, दोन-तीन हरणं आणायचा, आणि फ्रीझर भरला की त्या घराचा हिवाळा निघायचा. या वर्षी तो भाऊ ऑस्ट्रेलियाला गेला, जाताना रायफल विकून गेला. मेरेआनानं रडगाणं गायलं नाही. परीक्षा देऊन स्वतःचा परवाना काढला, टिपेनेच्या होडीचं इंजिन विकलं, आणि पंधराशे डॉलर घेऊन मर्डोच्या शेडमध्ये येऊन उभी राहिली. म्हणाली, काका, याच्यात जे बसेल ते. यापुढे एक डॉलर नाही.

आता माझ्या भावाला तुम्ही काहीही म्हणा, मीही म्हणते, पण तिच्यासाठी तो हिंडला. इन्व्हरकार्गिलच्या दुकानात एक केस चोपडलेला पोरगा तिला बाराशेची दुर्बीण दाखवायला लागला, तेव्हा मर्डोनं त्याला विचारलं की यातून हरीण दिसतं का हरणाचा जन्मदाखलाही दिसतो? शेवटी एका विधवेकडची तीस वर्षांची रायफल मिळाली, लाकडाला चीर, पण नळी आतून आरशासारखी. साधी दुर्बीण मागवली. कड्या चांगल्यातल्या. खांद्याचा पट्टा भंगारातल्या गाडीच्या सीटबेल्टचा, तो मीच शिवून दिला. तीन खोकी काडतुसं येऊन वर तिच्या बुटांपुरते पैसे उरले. दुर्बीण यायला उशीर होता, तोवर फेब्रुवारीभर त्यानं तिला स्वतःच्या जुन्या, सशांच्या छोट्या रायफलीवर तयार केलं. त्या काडतुसांना काही मोल नसतं. पोरगी भराभर शिकली. मार्चच्या सुरुवातीला ती उभ्यानं मारून पन्नास पावलांवरचा बटाटा फोडायला लागली.

पबातल्या वीरांना हे बघवेना. त्यांचा म्होरक्या ग्लेन पार्कहिल, ट्रॅक्टर विकतो. त्याची रायफल नऊ हजारांची, नळीवर आवाज दाबायचा हा एवढा लांब डबा, दुर्बिणीवर इतके आकडे की बघूनच डोकं फिरावं. आठशे मीटरवरून हरीण मारतो म्हणे. मारलेलं कोणी पाहिलं नाही, पण ऐकलं सगळ्यांनी. तो मेरेआनाला म्हणाला, अगं, म्हातारीची बंदूक, भंगाराचा पट्टा, हरीण हसून मरेल. बाकीचे खिदळले. उथळ पाण्याला खळखळाट फार.

दुर्बीण आली ती मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. रानात नर ओरडायला लागले होते. मर्डोनं कड्या आवळल्या, रायफल घोडीत ठेवली, एक गोळी मारली. मग बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावून बसला. चकती फिरव, थांब, डोळा चोळ, पुन्हा फिरव. मी चहा घेऊन गेले होते, म्हणून पाहिलं. मेरेआना म्हणाली, काका, मी बघू का? तो म्हणाला, हात लागला तर फुली हलेल. मग तो फळीपर्यंत चालत गेला, नेहमीसारखा चिकटपट्टीचा तुकडा लावून आला आणि म्हणाला, बसला नेम.

ती म्हणाली, मग शंभरावर तीन मारूया ना?

"कशाला?" मर्डो म्हणाला. "काडतुसं हरणासाठी ठेव. पैसा झाडाला लागत नाही."

मी चहाचा पेला हातात धरून उभी होते. बारा वर्षं ज्या माणसानं एक आणि तीन, एक आणि तीन असं माझं डोकं खाल्लं, तो आज तीन नको म्हणत होता. मला खटकलं. खटकलं आणि मी घरात येऊन बटाटे सोलायला बसले. माझंही काही फार सांगण्यासारखं नाही.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी मेरेआना लॉंगवुडच्या रानात गेली आणि सोमवारी संध्याकाळी आमच्या दारात उभी राहिली. पँट गुडघ्यांवर फाटलेली, हातांना काटे. तिला नर मिळाला होता. ऐंशी पावलांवर, आडवा उभा. तिनं बूड टेकलं, श्वास सोडला, खांद्यामागे फुली धरली आणि मारलं. गोळी पुढच्या पायावर लागली. पाय मोडला. तो उधळला तशा तिनं आणखी दोन मारल्या, दोन्ही कुठे गेल्या देव जाणे. मग ती रक्ताच्या थेंबांमागे रविवारभर आणि सोमवारी दुपारपर्यंत चालली. ओढ्यापाशी थेंब संपले. हे तिनं उभ्याउभ्याच सांगितलं, बस म्हटलं तरी बसली नाही.

मग ती मर्डोला म्हणाली, काका, तुम्ही एवढं केलंत, पण माझ्या हातात ते नाही. बटाटा वेगळा आणि जनावर वेगळं. ग्लेन सगळ्याचे मिळून सातशे देतो म्हणतो, रविवारी नेमबाजीच्या क्लबात देऊन टाकते. सातशेचं मेंढीचं मटण तरी येईल.

मर्डो रश्श्यात पाव बुडवत होता. तो म्हणाला, "पहिल्या वेळी होतं असं." आणि पाव खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुत्र्याला घेऊन बाहेर पडल्यावर मी फळीपाशी गेले. बंदुकीतलं मला कळत नाही, पण ठिगळ लावण्यातलं कळतं, जन्मभर तेच केलं. कागदावर पंचवीस-तीस काळे तुकडे. त्यातला एक नवा, चकचकीत. मी नखानं उचकटला, त्याच्याखाली भोक असायला हवं. भोक नव्हतं. त्याच्याखाली दुसरा तुकडा होता, जुना, मळलेला. आणि तिथून तीन बोटं खाली एक भोक होतं, उघडं, ताजं, त्याच्यावर काहीच लावलेलं नव्हतं. म्हणजे या शहाण्यानं फुली नेऊन ठेवली होती ती जुन्या ठिगळावर. वर तिथे चालत जाऊन, त्याच ठिगळावर दुसरं ठिगळ लावून आला होता. मी बाकीचा कागद बघितला. जोडीजोडीनं लागलेले तुकडे आणि उघडी भोकं मोजायला लागले आणि मग मोजणं सोडून दिलं.

जेवताना मी ते दोन चिकटलेले तुकडे त्याच्या ताटाशेजारी ठेवले. त्यानं अंगठ्यानं चाचपले. दोन आहेत हे त्याला बोटांना कळलं, डोळ्यांना नाही.

"किती खाली?" त्यानं विचारलं.

"तीन बोटं."

"म्हणजे शंभरावर बारा," तो म्हणाला. हिशेब बघा कसा चोख. "खांद्यामागे धरलं तर पायावरच लागणार." मला वाटलं, आता उठेल आणि रस्त्याच्या टोकापर्यंत जाईल. कसचं काय! तो म्हणाला, असं करू. कड्या सैल झाल्या होत्या असं तिला सांगू, रायफल इथे आणू, तू दुर्बिणीतून बघ आणि भोक कुठे ते मला सांग, मी चकत्या फिरवतो. कोणाला कळायचं नाही.

म्हणजे ज्या कड्या हा जन्मभर चांगल्यातल्या घ्यायला सांगत आला, त्यांच्यावरच आता ढकलायचं. मी त्याला सांगितलं, तुझ्या खोट्याला मी डोळे उसने देणार नाही. ती पोरगी काटे काढत बसली आहे आणि स्वतःला नालायक समजते आहे. तिनं ती रायफल विकली की त्या घरात हिवाळाभर मटण नाही, आणि पुन्हा ती कधी बंदूक धरणार नाही. तुझी शेड वाचावी म्हणून. तो म्हणाला, शेडशिवाय माझं दुसरं आहे काय गं? मी म्हटलं, नाही काही. तरी सांग.

सांगितलं नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला. शेडची कडी लावून आत बसायचा, बाहेर यायचा तो जेवायला. शुक्रवारी मी ठरवलं की रविवारी हा बोलला नाही तर मी बोलेन, आणि तेही त्याला सांगितलं. त्यानं मीठ मागितलं.

त्या पंधरवड्यात पबातही काही बरं चाललेलं नव्हतं. माजाचा ऐन भर, रान नरांच्या ओरडण्यानं दणाणलेलं, आणि गावात एक शिंग आलं नाही. पण ऐकावी ती कारणं! एकाच्या नराला म्हणे शिंगं अजून भरली नव्हती, म्हणून यानं दया केली. दुसऱ्याला वारा आडवा आला. तिसऱ्याच्या गोळीसमोर ऐन वेळी झाड आलं. ग्लेननं तर सहाशे मीटरवरून बघून सोडून दिलं, म्हणाला, तसल्या नराला माझं काडतूस परवडत नाही. नाचता येईना अंगण वाकडं.

रविवारी क्लबात मी नेहमीसारखे चीज रोल भाजत होते. पंधरा-वीस माणसं होती. मेरेआना रायफल म्यानात घालून घेऊन आली, टेबलावर ठेवली, शेजारी उरलेली काडतुसं. ग्लेननं पाकीट काढलं आणि नोटा मोजायला लागला. वर म्हणाला, "बाईमाणसानं या भानगडीत पडूच नये, पट्टा मात्र तूच ठेव, पोरांच्या खुर्चीला लाव."

मर्डो माझ्या मागे उभा होता. मी चिमटा खाली ठेवला आणि तोंड उघडणार, एवढ्यात तो टेबलापाशी गेला.

"पैसे आत ठेव, ग्लेन," तो म्हणाला. "मेरेआना, रायफल घोडीत ठेव आणि पंचवीसवर एक मार."

"काका, राहू दे. मला नाही जमत ते."

"एकच मार."

तिनं मारली. कोरा कागद होता, क्लबाचा. सगळे बघत होते.

"भोक कुठे आहे?" मर्डोनं विचारलं.

"ठिपक्याच्या मधापासून तीन बोटं खाली."

"मला दिसत नाही," मर्डो म्हणाला. आवाज काही चढवला नाही, पण शेवटच्या बाकापर्यंत गेला. "ठिपका दिसतो. भोक दिसत नाही. दोन वर्षं डोळे जातायत, यंदा भोकं दिसेनाशी झाली. त्या दिवशी मी तुझी फुली एका जुन्या ठिगळावर नेऊन ठेवली. तू चुकली नाहीस. तू धरलंस तिथेच रायफल मारणार होती, मी तिला बिघडवली."

मेरेआना त्याच्याकडे वळली.

"शंभरावर तीन मारूया म्हटलं होतं मी."

"म्हटलं होतंस."

"काडतुसं वाचव म्हणालात."

"शंभरावरचा कागदच मला दिसत नाही. कसं सांगू म्हणून काडतुसांवर ढकललं."

मला वाटलं, आता ती रडेल, किंवा म्हातारा माणूस म्हणून जाऊ द्या म्हणेल. तिनं दोन्ही केलं नाही. ती म्हणाली, "तो तीन पायांवर दीड दिवस चालला, काका. मी मागे होते. पहिल्या दिवशी ओरडत तरी होता."

मग ती घोडीपाशी बसली. रायफल ठिपक्यावर धरून आवळली, दुर्बिणीला डोळा लावला आणि स्वतःच चकती फिरवत फुली भोकावर नेली. कोणाला काही विचारलं नाही. उठली, शंभराच्या जागेवर गेली, आडवी झाली आणि तीन मारल्या. तिन्ही मिळून माझ्या तळहाताखाली झाकतील अशा, ठिपक्याच्या आत. तिनं गोळी चढवायचा बोल्ट काढून खिशात टाकला, रायफल म्यानात घातली, काडतुसं उचलली. मर्डोला बरं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही.

आणि मग बघण्यासारखं काय झालं, तर बाकीच्या शूरवीरांची तोंडं. मग एकेकाच्या डोक्यात उजेड पडायला लागला. या हंगामात मर्डोच्या शेडमध्ये नेम बसवून गेलेले त्यांच्यातलेच अकरा जण होते. खोकंभर काडतुसांचा खर्च वाचतो, शिवाय स्वतः काही करावं लागत नाही, म्हणून गेलेले. अकराही जण पंधरवडाभर हुकत होते, आणि मी चुकलो असं म्हणायला त्यांच्यातल्या एकाचीही जीभ वळली नव्हती. एकानं जरी पहिल्या आठवड्यात खरं सांगितलं असतं, तरी मर्डोची मूठ तिथेच उघडली असती आणि मेरेआना बरोबर रायफल घेऊन रानात गेली असती. आंधळा तो एकटा माझा भाऊ, असं मी आजवर समजत होते.

एक जण खाकरला आणि आपल्या गाडीकडे निघाला, रायफल आणायला. मग दुसरा. शेवटी ग्लेन पार्कहिल. होय, ग्लेनसुद्धा. मी गुरुवारी चर्चच्या गायनाला गेले की हा मागच्या फाटकानं आपली नऊ हजारांची रायफल मर्डोकडे घेऊन यायचा, कारण इतके आकडे असलेली दुर्बीण त्याला स्वतःला लावता येत नव्हती. आता ती बाहेर काढताना त्यानं माझ्याकडे बघायचं टाळलं. मी मुद्दाम त्याला चीज रोल नेऊन दिला. म्हटलं, घे, सहाशे मीटरवरून दमून आला असशील.

त्यांच्यातला एक मेरेआनाला म्हणाला, जरा बघून सांगतेस का भोक कुठे पडलं ते? ती म्हणाली, ज्याची त्याची रायफल, ज्याचे त्याचे डोळे, आणि गाडीत बसून निघून गेली. घरी नव्हे. लॉंगवुडच्या रस्त्याला लागली.

मर्डो बाकावर बसला होता. त्याच्या शेजारी कोणी जाऊन बसलं नाही. मी शेगडी आवरली, चिमटे धुतले, पातेली गाडीत ठेवली. तो आला, गाडीच्या उजव्या दाराशी थांबला आणि किल्ली माझ्या हातात दिली. मग पलीकडून फिरून, पत्र्यावर हात घासत, डाव्या बाजूला जाऊन बसला. उद्या डॉक्टरला फोन कर म्हणाला. परवाने दोन्ही जातील म्हणाला. मी म्हटलं, जाऊ देत.

फाटकाशी मी गाडी थांबवली, रस्त्यावर मेंढ्या होत्या.

"एल्स्पेथ," तो म्हणाला, "तो नर जगला असेल का गं?"

"नाही," मी म्हटलं.